दुखण्याला चालतं करणारी माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१९८३ च्या उन्हाळ्यात माझी आई तीन महिने बाजेवर पडून होती. एप्रिलचे दिवस. वावरातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. त्यांचा भारा डोक्यावर घ्यायला म्हणून ती वाकली, उचलला आणि तिथंच खाली बसली. कमरेत अशी चमक भरली की बैलगाडीत घालून घरी आणावं लागलं. आमचं खेडं गडचांदूरपासून जवळ. त्या भागात तेव्हा सिमेंटचे कारखाने उभे राहत होते, रस्त्यावर ट्रकांची धूळ सुरू झाली होती. पण कंबर धरली की दाखवायचं कुठं, हा प्रश्न जुनाच होता. कुणी बिब्बा लावा म्हणालं, कुणी डाग द्या म्हणालं. आम्ही शिकलेली मुलं. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं नीट तपासलं आणि सांगितलं, संपूर्ण विश्रांती. बाजेवर फळी टाका, वर पातळ गादी, आणि यांना हलू देऊ नका. आम्ही तो शब्द देवाच्या शब्दासारखा पाळला. तिचं जेवण बाजेवर, आंघोळ बाजेवर. पंधरा दिवसांनी ती म्हणायला लागली, "मले उठू द्या ना रे. कंबर लाकूड झाली माही." आम्ही म्हणायचो, "माय, डॉक्टरनं सांगितलं ना!" आणि पुन्हा झोपवायचो. आखाडीच्या दिवशी तिला चौघांनी धरून उभं केलं, तेव्हा तिच्या मांड्या माझ्या मनगटाएवढ्या वाटल्या. पाय थरथरले आणि ती परत बसली. त्यानंतर ती वीस वर्षं जगली. पण काठीशिवाय आणि वाकल्याशिवाय चालली नाही. वावरात तर गेलीच नाही.

मी शाळेत इतिहास शिकवत होतो. मास्तराला एक खोड असते, कोणतीही गोष्ट कुठून आली ते शोधत जायचं. आईला झोपवून ठेवा, हे त्या डॉक्टरच्या मनातून आलेलं नव्हतं. ते फार लांबून, इंग्लंडातून आलं होतं.

लंडनला जॉन हिल्टन नावाचे सर्जन होते. त्यांच्या व्याख्यानांचं पुस्तक १८६३ मध्ये निघालं. विषय एकच, विश्रांती आणि वेदना. दुखणं म्हणजे शरीरानं मागितलेली विश्रांती, ती द्या, असा त्याचा गाभा. त्यांच्या मागोमाग लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस आले. मांडीचं हाड मोडलं की पायाला जी लोखंडी चौकट बांधतात, ती अजून त्यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांचा आग्रह असा की विश्रांती सक्तीची हवी, अखंड हवी आणि दीर्घ हवी. मोडलेल्या हाडाला आणि क्षयानं पोखरलेल्या सांध्याला हे लागूही पडत होतं. क्षयावर औषध नव्हतं, त्या काळात विश्रांतीनंच कित्येक सांधे वाचले. चूक झाली ती पुढं. मोडलेल्या हाडाचा नियम साध्या कंबरदुखीलाही लावला गेला, पुस्तकात बसला, पुस्तकातून कॉलेजात आणि कॉलेजातून राजुऱ्याच्या रस्त्यानं आमच्या ओसरीवर आला. शंभर-सव्वाशे वर्षांत त्याला फारसं कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तू खरा आहेस का?

दुसरा एक प्रवाह मात्र त्याच काळात वाहत होता, बारीक धारेनं. स्टॉकहोमला पेर हेन्रिक लिंग या गृहस्थानं १८१३ मध्ये व्यायामाची सरकारी संस्था काढली. तलवारबाजी शिकवणारा माणूस. पण अंगाच्या हालचालीनं दुखणी बरी होतात, यावर त्याची श्रद्धा होती. पुढं १८९४ मध्ये लंडनला चार परिचारिकांनी एकत्र येऊन मालिश करणाऱ्या शिक्षित बायकांची संस्था काढली. मालिशवाल्यांची तेव्हाच्या लंडनमध्ये फार बदनामी झाली होती, त्यातून आपला धंदा सोडवून घ्यायचा हा त्यांचा पहिला हेतू. आज ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्टांची जी मानाची संस्था आहे ती हीच. पहिल्या महायुद्धात हातपाय अधू झालेले सैनिक हजारोंनी परत आले आणि या बायकांना एकदम काम मिळालं. डॉक्टर हाड जोडून मोकळा व्हायचा. त्या हाडावर माणूस उभा करायचं काम यांचं.

आपल्याकडे ही विद्या आली ती मात्र युद्धामुळं नव्हे, पोलिओमुळं. मुंबईच्या फातिमा इस्माईल या स्वातंत्र्य चळवळीतल्या बाई, उमर सोबानींची बहीण. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुंबईत कुणी आशा दाखवेना, तेव्हा त्या मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. तिथं व्यायाम, शेक, मालिश यांनी मुलीच्या पायात बळ येताना त्यांनी पाहिलं. आपली मुलगी सुधारली, पण बाकीच्यांच्या मुलांचं काय, हा विचार काही त्यांना सोडेना. १९४७ मध्ये डॉ. अ. वि. बाळिगा यांच्या मदतीनं त्यांनी मुंबईत पोलिओचा दवाखाना सुरू केला. त्यातूनच पुढं हाजीअलीचं मुलांचं हाडांचं इस्पितळ उभं राहिलं. मुंबईत पोलिओच्या साथी येत होत्या आणि शिकलेले हात नव्हते. तेव्हा भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा काढली. देशातली ही पहिली शाळा. १९५५ मध्ये हाजीअलीलाच केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था निघाली. नागपूरच्या मेडिकलमध्येही पुढं असं शिक्षण सुरू झालं.

पोलिओच्या बाबतीतही झोपवणारे आणि हलवणारे असा तंटा होताच. लुळा पडलेला पाय लाकडी पट्ट्यांत आवळून महिनोन्‌महिने स्थिर ठेवायचा, ही डॉक्टरांची रीत. ऑस्ट्रेलियातली एलिझाबेथ केनी ही नर्स ते मानायला तयार नव्हती. गरम पाण्यात पिळलेल्या लोकरीच्या कापडांनी शेकायचं आणि पाय हलवायचा, हे तिचं तंत्र. डॉक्टरांनी तिला वेड्यात काढलं. १९४० मध्ये ती अमेरिकेला गेली, मिनियापोलिसला मुलं चालती केली, आणि पट्ट्या हळूहळू माळ्यावर गेल्या. तिची उपपत्ती काही फार बरोबर नव्हती, असं आज म्हणतात. पण तिचे हात बरोबर होते. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. ज्या रोगानं ही विद्या इथं आणली तो गेला, विद्या राहिली.

पण हे सगळं मुंबईचं झालं. आमच्या चांदा जिल्ह्याला या विद्येचं दर्शन झालं ते वेगळ्याच दारानं. ते दार महारोगाचं.

आपल्याला वाटतं, वेदना हाच शत्रू. महारोगात, म्हणजे कुष्ठरोगात, उलटं असतं. नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ मध्ये ज्याचा जंतू शोधला, तो हा रोग मज्जातंतूंना धरतो. कोपराजवळची, मनगटाजवळची, गुडघ्याच्या बाजूची नस सुजते आणि मरते. मग चटका कळत नाही, काटा कळत नाही. चुलीतलं जळकं लाकूड हातानं सारलं तरी माणूस गप्प. बोटं झडतात ती जंतूमुळं झडत नाहीत. न दुखणाऱ्या जखमा रोज रोज होत राहतात, चिघळतात, त्यामुळं झडतात. हातातले लहान स्नायू मेले की बोटं आत वळतात, पंजा वाघनखासारखा होतो. पाऊल लोंबतं. दुखणं नसणं हीच इथं व्याधी.

वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ मध्ये आले. जन्म भारतातलाच, १९१४ चा. हे सगळं नीट उलगडून दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा. वळलेली बोटं सरळ करायची शस्त्रक्रिया त्यांनी कुष्ठरोग्यांवर सुरू केली. तिच्यात एक गंमत आहे, ती सांगतो. अनामिकेला वाकवणारे स्नायू दोन असतात. एकावर काम भागतं. मग दुसऱ्याची दोरी सोडवायची, तिचे चार पदर करायचे आणि ते चारही बोटांना नेऊन जोडायचे. हे सर्जननं केलं. प्लास्टर निघालं. आता रुग्णाला सांगितलं, बोटं सरळ कर, तर काहीच होत नाही. कारण मेंदूला हे नवं कनेक्शन माहीतच नाही! तेव्हा फिजिओथेरपिस्ट त्याच्याशेजारी बसतो आणि सांगतो, अनामिका वाकवल्यासारखं कर. तो तसं करतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत बाकीची बोटं हलतात. मग रोज हेच, आठवडेच्या आठवडे. शस्त्रक्रियेला दोन तास, मेंदूच्या या शाळेला दोन महिने. शस्त्रक्रियेआधीही आखडलेली बोटं तेल लावून, मेणाचा शेक देऊन मऊ करावी लागत, नाहीतर कापूनही उपयोग नाही. ब्रँड पुढं म्हणत राहिले, वेदना ही देणगी आहे, मात्र ती कुणालाच नको असते.

त्याच वर्षी, १९१४ लाच, हिंगणघाटला मुरलीधर देविदास आमटे जन्मले. बाबांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, ती सगळी सांगत नाही. एक धागा तेवढा ओढतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढलं होतं. तिकडं सेवाग्रामात संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री महारोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश करत राहिले. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. आपण त्यात करुणा पाहतो. ती आहेच. पण मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्यात आणखी एक दिसतं. बधिर अंगाला तेल लावून चोळणं, कातडी मऊ ठेवणं, सांधे आखडू न देणं, हा त्या रोगातला खरा उपचार होता आणि आजही आहे. महात्मा काही प्रतीक म्हणून मालिश करत नव्हता. तो काम करत होता.

आमटे दत्तपूरला जाऊन शिकले, १९४९ मध्ये कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत शिकले आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ रानात सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन बसले. आनंदवन. त्यांनी रुग्णांना बसवून खायला घातलं नाही. विहीर खणायला लावली. त्यावेळी काही लोकांना हे क्रूर वाटलं असणार. बोटं नसलेल्या माणसाच्या हातात कुदळ! पण आजच्या फिजिओथेरपीच्या डोळ्यांनी पाहा. ज्या हाताला काम मिळतं तो हात आखडत नाही. अट एकच, काम हाताला खाऊ नये. बधिर हातानं दांडा किती घट्ट धरला हे कळत नाही, म्हणून दांड्याला कापड गुंडाळायचं. पायाला जखम कळत नाही, म्हणून मऊ रबराची, खिळे नसलेली चप्पल. रोज रात्री हातपाय पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचं आणि डोळ्यांनी तपासायचं, कारण जे कातडी सांगत नाही ते डोळ्यांनी विचारावं लागतं. पुढं तिथं हातमाग आले, टिनाचं काम आलं, छापखाना आला. कुष्ठरोगावरची आजची बहुविध औषधं १९८२ च्या सुमारास आली. रोग त्यांनी जातो. पण मेलेली नस परत येत नाही. तिथून पुढचं सगळं हालचालीचं, सवयीचं आणि चपलेचं काम. चंद्रपूर-गडचिरोलीत नवे रुग्ण अजून सापडतात, म्हणून हे जुनं झालेलं नाही.

आणि आता नियतीचा खेळ पाहा. ज्या माणसानं न दुखणाऱ्यांसाठी आयुष्य वेचलं, त्याच्या स्वतःच्या वाट्याला पाठीच्या मणक्याचं अखंड दुखणं आलं. मानेचे आणि कमरेचे मणके झिजले, शस्त्रक्रिया झाल्या, आणि बाबांना बसणं बंद झालं. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, मधली सोय नाही. मी त्यांना एकदा आनंदवनात पाहिलं, लांबूनच. पहाटेची वेळ, पांढरी बंडी, अर्धी चड्डी आणि ते चालत होते. एवढा नामवंत माणूस, त्याला भेटायला आलेले लोक त्याच्या मागून चालत होते. १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली. वय सत्तरीपार. तरुण मुलं सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे. १९८८ मध्ये पुन्हा, इटानगरहून ओख्याला. नंतर नर्मदेच्या काठी कितीतरी वर्षं.

ते ऐकलं तेव्हा मला माझी आई आठवली आणि थोडा रागही आला. तिच्या कमरेत होतं त्याहून बाबांच्या पाठीत जास्त बिघाड होता. फरक एवढाच, त्यांना कुणी झोपवून ठेवू शकलं नाही. आमची आई भोळी, तिनं आमचं ऐकलं.

विज्ञानानं या बाबतीत फार उशीर केला. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी वेदनेचा नवा सिद्धांत मांडला. तोपर्यंत समज अशी की, दुखणं म्हणजे घंटेची दोरी. खाली ओढली की वर वाजली. हे दोघे म्हणाले, मध्ये दार आहे. आमच्या भागात समजेल असं सांगायचं तर वनविभागाचा नाका आहे. पाठीच्या कण्यात हा नाका असतो. स्पर्शाच्या, हालचालीच्या जाड तारांतून गाड्या आल्या की वेदनेच्या बारीक तारांतल्या गाड्या अडतात. आणि वरून, म्हणजे मेंदूकडूनही हुकूम येतो, नाका उघडा की बंद ठेवा. लागलं की आपण ती जागा चोळतो, त्याचं कारण हेच असावं. सिद्धांताचे तपशील पुढं बदलले. पण मूळ गोष्ट टिकली. दुखणं जुनं झालं की ते केवळ कमरेत राहत नाही. भीती, झोप न लागणं, काम सुटणं, घरात ओझं झाल्याची भावना, हे सगळे मिळून तो नाका उघडा ठेवतात. आणि हलायची भीती बसली की माणूस हलत नाही, स्नायू सुकतात, मग जरासं हललं तरी जास्त दुखतं.

झोपून राहण्याची एक गाजलेली परीक्षा झाली ती १९८६ मध्ये. अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबर धरलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकांना दोन दिवस विश्रांती, दुसऱ्यांना सात दिवस. सात दिवसवाल्यांचा काही फायदा झाला नाही. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये त्याच्याही पुढं गेले. झोपून राहणाऱ्यांपेक्षा, जमेल तसं रोजचं काम चालू ठेवणारे लवकर बरे झाले. श्रोतेहो, माझी आई बाजेवर होती ते १९८३ साल. तीन वर्षांचा फरक. आमच्या डॉक्टरला मी दोष देत नाही. त्याला जे शिकवलं ते त्यानं दिलं. मी स्वतःलाही फार देत नाही. पण "मले उठू द्या" हे ती म्हणत होती, तिच्या अंगाला कळत होतं, आणि ऐकणारे आम्ही सगळे शिकलेले होतो, हे काही केल्या विसरता येत नाही.

आमच्या भागात कंबर हा लहान विषय नाही. धानाच्या बांधीत पोटरीभर चिखलात उभं राहून, कमरेतून काटकोन करून, मागं मागं सरकत रोवणी करायची, ती दिवसभर. कोरपना-राजुऱ्याकडे कापसाची निंदणी आणि वेचणी. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा, जळणाची मोळी, पाण्याचे गुंड. सगळं वाकून किंवा डोक्यावर. त्यात पुरुषांचं वेगळं, खाणीत आणि सिमेंटच्या पोत्यांखाली. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था १९८६ मध्ये सुरू केली. आदिवासींना इस्पितळाची भीती वाटते म्हणून शोधग्रामचा दवाखाना माँ दंतेश्वरीच्या नावानं बांधला. तिथं लोकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, आमची कंबर दुखते. सरकारी यादीत मलेरिया, क्षय, बाळंतपण. कंबर कुठंच नाही, कारण कंबरेनं माणूस मरत नाही. मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉक्टर शोधग्रामला येऊन तपासणी आणि शस्त्रक्रिया करू लागले, ही फार मोलाची गोष्ट झाली. पण हे सर्जनही सांगतात की शस्त्रक्रिया लागते ती थोड्यांनाच. बाकीच्यांना लागतो व्यायाम आणि वाकायची रीत.

सर्चचाच आणखी एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. डॉ. योगेश कलकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतले मृत्यू तपासले. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांत जास्त मृत्यू कशानं? साप नाही, मलेरिया नाही. पक्षाघातानं, म्हणजे लकव्यानं. शंभरातले चौदा. आता विचार करा, जे गेले ते गेले. जे वाचले त्यांचा एक हात, एक पाय गेलेला. खेड्यात लकवा झालेल्या माणसाला काय मिळतं? कबुतराचं रक्त, कुठल्याशा गावची जडीबुटी आणि पुन्हा तीच बाज. खरं तर पहिले तीन-चार महिने सोन्याचे असतात. मेंदूचा एक भाग मेला तरी शेजारचा भाग काम शिकू शकतो, वेल्लोरच्या त्या अनामिकेसारखाच. पण त्याला रोज शिकवणारं कुणी पाहिजे. उठवून बसवणं, लुळा खांदा ओढू न देणं, उभं करणं, पाऊल टाकायला लावणं. यातलं बरंचसं घरातली सून किंवा मुलगा करू शकतो, एकदा दाखवलं तर. दाखवणारा मात्र शिकलेला हवा.

आणि तो कुठं आहे? मुंबईत शाळा निघून सत्तर वर्षं झाली. आरोग्य विद्यापीठाच्या पदव्या आहेत, अभ्यासक्रम आहे. वर्ध्याला सावंगीत कॉलेज आहे. चंद्रपूरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्यात २००२ मध्ये कायदा झाला, केंद्राचा २०२१ मध्ये. तरी पदवीधर मुलं नागपूर-पुण्याकडे बघतात. गडचांदूरला फिजिओथेरपीची पाटी मी पहिल्यांदा वाचली ती या शतकात, आणि कोलाम-गोंडांच्या जिवतीच्या डोंगरावरून तिथवर यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. व्यायाम एका दिवसात होत नाही. दहा खेपा म्हणजे दहा मजुऱ्या. म्हणून लोक गोळी घेतात. स्वस्तातली गोळी सांधेदुखी काही तास थांबवते, वर्षानुवर्षं घेतली तर मूत्रपिंड आणि पोट खाते. दुकानात कमरेचे पट्टेही लटकलेले असतात. २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शन दिलं. व्यायाम करा, समजावून सांगा, हातानं उपचार करा; पट्टे नको, वजनं लावून ओढणं नको, अफूवर्गीय गोळ्या नको. जगात २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती, असा त्यांचा हिशोब आहे. त्यात आमची कोरपन्याची किती, कुणी मोजलं नाही.

एक खबरदारी सांगून ठेवतो, नाहीतर मास्तरनं सांगितलं म्हणून कुणी भलतंच करायचं. कंबरदुखीबरोबर ताप आहे, वजन उतरतंय, रात्री झोपेतून दुखणं उठवतंय, पायातली ताकद जातेय, लघवीवर ताबा राहत नाही, किंवा पडून लागलं आहे, तर आधी डॉक्टर. मणक्याचा क्षय आपल्याकडे आहे, त्याला व्यायाम नव्हे, औषध लागतं. आणि सिकलसेलच्या मुलांचं दुखणं निराळं. ते कंबरेचं दुखणं समजून चोळत बसू नये.

तीन वर्षांपूर्वी माझीच कंबर धरली. वय झालं. गडचांदूरच्या त्या दवाखान्यात गेलो. पंचविशीतली मुलगी, तिकडं नागपूरला शिकून आलेली. माझ्याआधी एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, डोक्यावर पदर, हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे. मला वाटलं, आता ही विचारेल कुठं दुखतं. तिनं विचारलं, "आजी, काय करता येत नाही तुम्हाले?" बाई जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "वेचाले वाकता येत नाही. अन् गुंड उचलता येत नाही." तेवढंच तिनं कागदावर लिहिलं, म्हणाली, मग हेच शिकू. गुंड नाही, आधी रिकामी बादली. कमरेतून नाही, गुडघ्यातून. आणि दवाखान्याच्या त्या लहानशा खोलीत साठीच्या बाईनं रिकामी बादली दहादा उचलली, दहादा ठेवली. दहाव्यांदा पदर सावरत हसल्या.

मला तिनं पाच व्यायाम दिले. पहिले आठ दिवस दुखणं वाढलं, मी घाबरलो, तिला फोन केला. ती म्हणाली, "सर, थोडं दुखेल. दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही. पण थांबू नका." आता सहा महिने झाले की मी वर्षभर चालत असल्यासारखा वाटतो, आणि चार दिवस सोडलं की कंबर आठवण करून देते. बरं झालं असं म्हणत नाही. जमवून घेतलं, एवढं म्हणतो.

आईची बाज अजून घरात आहे. नवार बदलली, खूर तेच. सून तिच्यावर उन्हाळ्यात कुरड्या वाळवते. मी व्यायाम करतो ते तिच्या शेजारी, खाली चटई टाकून.